भयानक रस आणि एक व्हिडिओ गेम

व्हिडिओ गेमचे परीक्षण या पानावर पाहून काही जुन्या वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. जेथे नाटकाचा प्रयोग, गाण्याची बैठक आणि नवे पुस्तक यांविषयी बोलावयाचे, तेथे पोरांच्या खेळाला जागा कशासाठी, असा त्यांचा सवाल असेल. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की आपल्या रंगभूमीने करुणाला आणि हास्याला जेवढ्या लाडाने वाढविले तेवढे भयानक रसाला कधी जवळ घेतले नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी कथेत त्याची सेवा केली. रंगमंचावर मात्र तो बहुधा पाहुण्यासारखा आला आणि गेला. हा उपेक्षित रस गेली तीस वर्षे जेथे बिऱ्हाड करून राहिला आहे ते ठिकाण म्हणजे व्हिडिओ गेम. तेव्हा त्याची चौकशी करावयास तेथेच गेले पाहिजे.

या खेळांतल्या एका पोटजातीला ‘सर्व्हायवल हॉरर’ म्हणतात. म्हणजे भीतीच्या राज्यात जीव वाचवून निघण्याचा खेळ. १९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘रेसिडेंट ईव्हिल’ काढला तेव्हापासून हे नाव रूढ झाले. प्रकार त्याहून थोडा जुना आहे. इतर खेळांत नायकाजवळ शस्त्रांची कोठारे असतात. येथे बंदुकीत चार गोळ्या निघाल्या तर नशीब. ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये तर आपण कोठवर आलो याची नोंद करून ठेवावयाची, म्हणजे खेळ ‘सेव्ह’ करावयाचा, तर टाइपरायटर शोधावा लागे, आणि त्याला लागणाऱ्या शाईच्या फितीही मोजक्याच मिळत. हातातले संपत चालले आहे ही जाणीव हाच या प्रकाराचा पाया.

विचारासाठी आम्ही घेतला आहे तो ‘एलियन : आयसोलेशन’. तो ऑक्टोबर २०१४ मध्ये बाहेर आला. प्रकाशक सेगा, आणि करणारे इंग्लंडमधील हॉर्शमचे क्रिएटिव्ह असेंब्ली. या मंडळींचे नाव तोवर झाले होते ते ‘टोटल वॉर’ या युद्धाच्या खेळांमुळे. उंचावरून पटाकडे पाहावे तशी हजारोंची सैन्ये हलवावयाची, हे त्यांचे काम. त्यांनी एकदम एका स्त्रीला एका श्वापदासमोर उभे केले, हे धाडसच म्हटले पाहिजे. त्यातून आदल्याच वर्षी, २०१३ साली, सेगानेच प्रसिद्ध केलेला ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’ हा खेळ सपशेल पडला होता. त्यात ही श्वापदे झुंडीने येत आणि गोळ्यांनी मरत, झुरळे मारावीत तशी. भीतीचे नावही नाही.

कथा थोडक्यात सांगून मोकळे होऊ. रिडली स्कॉटच्या १९७९ सालच्या ‘एलियन’ या चित्रपटात नोस्ट्रोमो नावाच्या मालवाहू अवकाशयानावर सात माणसे असतात. त्यांत एक परका जीव शिरतो, आणि अखेर एलेन रिप्ले व तिचे मांजर एवढीच वाचतात. खेळ त्यानंतर पंधरा वर्षांचा, म्हणजे कथेतल्या २१३७ सालचा. एलेनची मुलगी अमांडा हरवलेल्या आईचा माग काढीत सेव्हास्तोपोल या अवकाशस्थानकावर येते, कारण नोस्ट्रोमोची नोंदपेटी तेथे आहे असे तिला कळलेले असते. स्थानक बंद पडण्याच्या वाटेवरचे, उरलेली माणसे भेदरून एकमेकांवर बंदुका रोखणारी, आणि छतातल्या हवेच्या नळ्यांत ते जनावर.

हे स्थानक उभे करताना करणाऱ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी आजच्या कल्पनेतला भविष्यकाळ काढला नाही. १९७९ साली भविष्यकाळ जसा दिसत होता तसा काढला. जाड काचेचे पडदे, त्यांवर हिरवी अक्षरे, खटकन दाबावयाची बटणे, फिती फिरविणारी यंत्रे. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने जुन्या चित्रपटाची रेखाटने, छायाचित्रे आणि ध्वनी त्यांच्या स्वाधीन केले होते. त्यांनी पडद्यांवरची चित्रे खरोखरीच व्हीएचएस फितीवर उतरवून, जुन्या दूरदर्शन संचावर चालवून, तेथून परत टिपून घेतली, म्हणजे त्यांतली थरथर नकली वाटू नये. इतकी मेहनत कशासाठी, असे कोणी विचारील. पण भुताची गोष्ट सांगणारा आजोबा आधी वाड्याचे दार, बिजागरी, जिन्याची कितवी पायरी वाजते हे सांगतो ते कशासाठी? वस्तूंवर विश्वास बसला की मग भुतावर बसतो.

आता त्या जनावराविषयी, कारण खेळाचे खरे मोल तेथे आहे. ते बहुतेक वेळ एकटेच असते, आणि मरत नाही. पिस्तूल झाडले तर त्याला फक्त तुमचा पत्ता लागतो. ते कोठून केव्हा येईल हे पाठ करून ठेवता येत नाही, कारण ते ठरलेल्या वाटेने फिरत नाही. करणाऱ्यांनी येथे दोन बुद्धी योजल्या आहेत, आणि नाटकाच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांतली एक सूत्रधार आहे, दुसरी पात्र. सूत्रधाराला खेळणारा कोठे आहे हे सदैव ठाऊक असते. परंतु तो पात्राला ते सांगत नाही. अमुक दिशेला जाऊन पाहा, एवढेच सुचवितो. पुढचा शोध जनावराने आपल्या डोळ्याकानांनी करावयाचा. खेळणारा फार वेळ दडपणाखाली राहिला असे दिसले की सूत्रधार जनावराला पुन्हा नळ्यांत बोलावून घेतो, आणि आपल्याला श्वास टाकण्यापुरती उसंत देतो. शिवाय जनावराच्या अंगचे काही डाव आरंभी झाकून ठेवलेले असतात. खेळ पुढे जाईल तसतसे ते उघडत जातात. खेळणाऱ्याला वाटते, हे आपल्याकडून शिकते आहे. खरे तर शिकविणारा आधीच सगळे लिहून बसला आहे. पण नाटकातही हेच असते, आणि तेथे आपण तक्रार करीत नाही.

भरतमुनींनी भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाजाला अगदी आरंभी स्थान दिले आहे. मग भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांचे भय, ओसाड घर, अरण्य. हा खेळ करणाऱ्यांनी नाट्यशास्त्र वाचले असण्याचा संभव नाही. पण क्रम त्यांनी तोच पाळला आहे. जनावर दिसते त्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी अधिक ते ऐकू येते. छतात काही सरकते. पत्रा दबतो आणि परत वर येतो. पलीकडच्या दालनात जड पावले पडतात, थांबतात. थांबतात तेव्हाच अधिक भीती वाटते. नळीच्या तोंडातून लाळेची तार खाली लोंबत असेल तर तिच्याखालून जाऊ नये, हे एकदा मेल्यावर समजते. अमांडाच्या हाती हालचाल टिपणारे एक यंत्र आहे. आसपास काही हलले की ते टिकटिक करते. आधार म्हणून ते हाती घ्यावे तर जवळ आलेल्या जनावराला तीच टिकटिक ऐकू जाते. काही यंत्रांवर तर अशी सोय केली होती की खेळणाऱ्याच्या खोलीतला खरा आवाजही जनावराने ऐकावा. म्हणजे घरात कोणी खोकले तरी अमांडाचा जीव धोक्यात. २०१५ साली ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने ध्वनिरचनेसाठी या खेळाला पारितोषिक दिले. आम्हांस विचाराल तर ते त्या वर्षीचे सर्वांत रास्त पारितोषिक असावे.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि केवळ त्यासाठीच हा लेख लिहिण्याचा खटाटोप. खेळात वाटते ते भय हा रस होय काय? अभिनवगुप्ताने भयानक रस समजावून देताना शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले, दुष्यंताच्या रथापुढे पळणारे हरीण घेतले आहे. प्रेक्षक त्या हरणाचे भय अनुभवतो, पण ते भय ‘माझे’ नसते आणि ‘त्याचे’ही नसते. देशकाळाच्या, आपपरभावाच्या मर्यादा गळून पडलेले असे निव्वळ भय उरते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. प्रेक्षकाचे हृदय धडधडते खरे, पण त्याने खुर्ची सोडून पळावयाचे नसते. व्हिडिओ गेममध्ये नेमके हेच अंतर काढून टाकलेले असते. येथे प्रेक्षक हाच हरीण. बाण त्याच्याच पाठीवर. मग आस्वाद घ्यावयाचा कोणी?

पुष्कळ भयखेळांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे द्यावे लागेल. अंधारातून काहीतरी किंचाळत अंगावर येते, आपण दचकतो, संपले. दचकणे म्हणजे भयानक रस नव्हे. मागून येऊन कोणी कानाशी टाळी वाजविली तरी माणूस दचकतो. ‘आयसोलेशन’चे वेगळेपण हे, की त्यात हरणाला पळू दिलेले नाही. पळाले की मेले. अमांडाने करावयाचे काय, तर लोखंडी कपाटात शिरून दार ओढून घ्यावयाचे आणि फटींतून पाहत उभे राहावयाचे. जनावर खोलीत येते. टेबलाखाली वाकून पाहते. कपाटाशी येऊन थांबते. आपण मागे अंग चोरून श्वास रोखून धरतो, आणि फार वेळ रोखला तर तोही अंगाशी येतो. त्या अर्ध्या मिनिटात खेळणाऱ्याच्या हाती काहीही करण्यासारखे उरत नाही. आणि म्हणूनच, आमच्या मते, त्या अर्ध्या मिनिटापुरता तो परत प्रेक्षक होतो. फटींतून दिसणारे ते लांबट चकचकीत डोके तो पाहू लागतो. ते कुरूप आहे आणि देखणेही आहे, हे त्याच्या ध्यानात येते. हे जनावर मुळात स्वित्झर्लंडच्या एच. आर. गीगरने कल्पिले, त्याची आठवण या कपाटात होते. धावताना होत नाही. कपाट म्हणजे जणू नाट्यगृहातली खुर्ची. रस निर्माण होतो तो तेथे.

सॅन क्रिस्टोबल नावाच्या रुग्णालयाचा जो भाग आहे तो या दृष्टीने खेळाचा कळस. कित्येक लोक तेथूनच खेळ सोडून देतात. आम्ही त्यांना भित्रे म्हणणार नाही.

सेव्ह करण्याच्या युक्तीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. भिंतीवर जागोजागी जुन्या टेलिफोनसारखी पेटी आहे. तिच्यात कार्ड घालावयाचे आणि एकामागून एक तीन दिवे लागेपर्यंत थांबावयाचे, तेव्हा कोठे नोंद होते. हे तीन क्षण अमांडाची पाठ उघडी असते. मागे नळीतून धप्प असा आवाज आला तरी काही करता येत नाही. पुष्कळांना हा जाच वाटला. आम्हांस यात मोठी कल्पकता दिसते. इतर खेळांत सेव्ह करणे ही खेळाबाहेरची कारकुनी असते. येथे तीही भयाच्या कामी लाविली आहे. तो फोन दूरवरून दिसला की देवळाचा कळस दिसल्यासारखे वाटते, आणि तेथवर पोहोचताना शेवटचे वीस हात संपत नाहीत.

एवढी स्तुती झाल्यावर दोषांकडे वळणे भाग आहे, आणि दोष लहान नाहीत.

पहिला आणि मोठा दोष लांबीचा. मूळ चित्रपट दोन तासांच्या आत संपतो. हा खेळ नेटाने खेळणाऱ्यालाही अठरा-वीस तास घेतो. भय हा भाव असा आहे की त्याला मुक्काम सोसत नाही. करुण रस रात्रभर चालेल, कीर्तनात चालतोच. भयाची दोरी सतत ताणली की ती सैल पडते. खेळाच्या मध्यावर एक प्रसंग आहे. जनावराला सापळ्यात अडकवून, स्थानकाचा तो भागच सुटा करून अवकाशात ढकलून दिले जाते. तेथे पडदा पडावयास हवा होता असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि आम्ही त्यांतलेच. पण तेथून पुढे जवळजवळ अर्धा खेळ शिल्लक आहे. अमुक दालनातली वीज चालू करा, तमुक कार्ड आणा, आता तेच दार पलीकडून उघडा. अमांडा इंजिनियर आहे हे खरे. पण स्थानकातील सगळी नादुरुस्त यंत्रे तिच्या एकटीच्या वाट्याला यावीत हा अन्यायच. शेवटही एकदा होत नाही. आता सुटली म्हणावे तो आणखी एक अडथळा, आणि त्यापुढे आणखी एक. नाटकात चौथ्यांदा भरतवाक्य म्हटले तर प्रेक्षक चपला शोधू लागतात.

दुसरा दोष फ्लेमथ्रोअरचा. आग ओकणारे हे शस्त्र हाती आले की जनावर मरत नाही, पण पळते. त्या घटकेपासून भयाची जागा हिशेब घेतो. टाकीत इंधन किती, एका फवाऱ्याला किती लागते, पुढचा डबा कोठे मिळेल. संसारी माणसाला हा हिशेब ओळखीचा आहे. त्यात थरार नाही. करणाऱ्यांच्याही हे ध्यानात आले असावे, कारण पुढे पुढे जनावर आगीला पूर्वीसारखे बुजत नाही. तरी व्हायचे ते होऊन गेलेले असते.

स्थानकावरचे यंत्रमानव हे मात्र गुण आणि दोष यांच्या सीमेवर उभे आहेत. रबरी गोरा चेहरा, डोळ्यांत भाव नाही, आणि गळा आवळतानाही आवाज दुकानदाराच्या मदतनिसासारखा मऊ. पहिल्यांदा एखादा अंधाऱ्या खोलीत पाठमोरा उभा दिसतो तेव्हा अंगावर खरोखर काटा येतो. ते धावत नाहीत, चालतात, आणि हे चालणेच भयंकर आहे. परंतु जनावर गेल्यानंतरच्या प्रकरणांत यांचीच गर्दी केली आहे, आणि विसाव्या यंत्रमानवाला कोण भिणार? शस्त्रधारी माणसांचे तर विचारूच नका. दिसताक्षणी गोळी घालणे, याखेरीज त्यांना फारसा उद्योग दिलेला नाही. त्यांच्या दिशेने आवाज करणारे खेळणे फेकून जनावराला त्यांच्यावर सोडता येते. हे एकदा केल्यावर पुढचा आक्रोश कपाटातून ऐकणे फार सुखाचे नाही, आणि ही अस्वस्थता खेळाने वाढवावयास हवी होती. ती त्याने तशीच वाऱ्यावर सोडली.

आणखी एक गोष्ट आहे, तिला दोष म्हणावे की या माध्यमाची प्रकृतीच म्हणावी हे ठरविणे कठीण. एका जागी पहिल्यांदा मरण आले की भय. दुसऱ्यांदा धास्ती. सहाव्यांदा चीड. आठव्या खेपेस त्या भयंकर श्वापदाकडे आपण, सरकारी कचेरीत खिडकी बंद करून जेवायला गेलेल्या कारकुनाकडे पाहावे, तसे पाहतो. जनावराच्या हालचाली अनिश्चित ठेवल्यामुळे कधी कधी मरण अगदी अकारण येते, आणि मागची वीस मिनिटे पुन्हा चालावी लागतात. भयानकाचे रौद्रात रूपांतर होते, पण तो रौद्र रसही नव्हे. तो साधा राग.

म्हणूनच परीक्षकांत या खेळाविषयी दोन तट पडले. आयजीएन या अमेरिकन संकेतस्थळाने त्याला दहांपैकी ५.९ गुण दिले. पीसी गेमर मासिकाने शंभरांपैकी ९३. इतका फरक पाहून लोक एका पक्षाला मूर्ख ठरवितात. आम्हांस वाटते, दोघांनी खेळाचे दोन निरनिराळे अर्धे भाग मोजले.

पण शेवटच्या भागाची एवढी निंदा केल्यावरही त्यातली एक गोष्ट आम्ही कापू देणार नाही. खेळाच्या उत्तरार्धात अमांडाला आईचा आवाज सापडतो. एलेन रिप्लेने मुलीसाठी बोलून ठेवलेला निरोप. आणि आवाज सिगर्नी वीव्हर हिचा, म्हणजे चित्रपटातल्या एलेनचाच. तेवढा वेळ जनावर नाही, पळापळ नाही. एक मुलगी उभी राहून ऐकते. ज्याने १९८६ सालच्या ‘एलियन्स’ची पुढे निघालेली वाढीव आवृत्ती पाहिली आहे, त्याला येथे खेळ न सांगता एक गोष्ट आठवते. एलेन ५७ वर्षांच्या निद्रेतून जागी होते तेव्हा तिला कळते, की अकराव्या वाढदिवसाला परत येईन असे जिला वचन दिले ती मुलगी ६६ वर्षांची होऊन, दोनच वर्षांपूर्वी वारली. माय-लेकींची भेट होणार नाही हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त अमांडाला. मग ती या स्थानकावरून जिवंत निघो वा न निघो, जिच्यासाठी आली ती तिला भेटणार नाही. अखेरच्या दृश्यात ती अवकाशात एकटी तरंगत असते आणि कोठून तरी एक प्रकाशाचा झोत तिच्या चेहऱ्यावरून सरकतो. पुष्कळांनी हा शेवट अर्धवट म्हणून नाके मुरडली. ज्याला ६६ हा आकडा माहीत आहे त्याला तो अर्धवट वाटत नाही. भयाच्या पोटी येथे करुण जन्मतो, आणि आईच्या आवाजाइतकी भीषण शांतता त्या जनावराच्या पावलांतही नाही.

हा खेळ २०२१ साली मोबाइल फोनवरही आला. फोनवर कोणी खेळू नये असे आम्ही सुचवू. निदान कानांवर चांगले हेडफोन चढविल्याशिवाय आणि घरातले दिवे मालविल्याशिवाय तर नाहीच. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी जनावराला अवकाशात ढकलून देईपर्यंत खेळून थांबावे, आणि मग आईच्या निरोपाचा तेवढा भाग कोणा खेळलेल्याकडून पाहून घ्यावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, खेळाला दहा वर्षे झाली त्या निमित्ताने, पुढच्या भागाचे काम आरंभिल्याचे करणाऱ्यांनी जाहीर केले. त्यात जनावर एकच असावे, आणि तास दहाहून अधिक नसावेत.